सावल्या लो, माणसं मीडियम

११ मे २०२५, रविवार

भाचा सकाळच्या एसटीनं कराडहून आला. दहावीचा निकाल आज-उद्यावर आलाय. घरी थांबलं की वडील दर तासाला "किती पडतील रे?" विचारतात, म्हणून स्वारी आत्याकडे कोल्हापुरात. चहाचा कप हातात पडायच्या आधीच विषय निघाला.

"आत्या, तुझ्या कंप्युटरवर विचर थ्री चालंल का?"

माझा कंप्युटर म्हणजे २०१२ साली डीटीपीच्या कामासाठी जोडून घेतलेला डबा. इंटेलचा आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची हार्ड डिस्क आणि साडेअठरा इंची मॉनिटर. तेरा वर्षांत त्यावर किती लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि पतसंस्थांचे अहवाल झाले याची गणती नाही. ज्यांच्या पत्रिका केल्या त्यांच्या मुलांच्या बारशाची कार्डंही त्याच्यावरच झाली. मराठी टाइपसेटिंगची श्रीलिपी त्यावर सुखानं नांदते, म्हणून मी त्याला हात लावू देत नाही. विंडोज दहाचा पाठिंबा येत्या १४ ऑक्टोबरला संपणार आणि अकरा नंबरचं विंडोज या प्रोसेसरला दारात उभं करत नाही, हे माहीत असूनही.

भाच्यानं मोबाइलवर खेळाच्या किमान अटी काढल्या. आय-फाइव्ह २५०० के, सहा जीबी रॅम, जीटीएक्स ६६० ग्राफिक्स कार्ड. आमचा प्रोसेसर त्या प्रोसेसरच्या पुढच्या पिढीतला, पण घड्याळात जरा मागे. म्हणजे हिशेब बरोबरीचा. थोडक्यात, प्रोसेसर काठावर पास, रॅम दोन जीबीनं नापास, आणि ग्राफिक्सच्या पेपरला आम्ही बसलेलोच नाही. प्रोसेसरच्या पोटातलं एचडी २५०० पत्रिकेवरचा गणपती दाखवायला पुरतं, घोडा पळवायला नाही.

"म्हणजे न्हाई चालत?"

"चालत न्हाई असं कोण म्हणालं? काय काय कमी आहे ते लिहून काढ."

१३ मे, मंगळवार

दुपारी एक वाजता निकाल लागला. ८४.२० टक्के. आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, देवापुढं साखर ठेवली आणि त्यातलीच त्याच्या तोंडात घातली. धाकट्या भावाचा फोन आला. बक्षीस म्हणून नवा गेमिंग कंप्युटर मागितला गेला. साठ-सत्तर हजार ऐकून भावानं फोन माझ्याकडे द्यायला सांगितला. मी म्हटलं, पाच हजारांत बसवते.

संध्याकाळी राजारामपुरीत जुन्या सामानाच्या एका दुकानात गेलो. काउंटरखालच्या खोक्यात कार्डं चपलांसारखी रचलेली. त्यातून दुकानदारानं जीटीएक्स ७५० टीआय काढलं.

"ताई, हे न्या. ह्याला वायर लागत न्हाई."

या एका वाक्यावर मी कार्ड घेतलं. मोठ्या कार्डांना पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते आणि माझ्या पॉवर सप्लायला ती नाही. मदरबोर्डचा स्लॉट स्वतः ७५ वॉटपर्यंत वीज देतो. हे कार्ड ६० वॉटमध्ये भागवतं. २०१४ च्या फेब्रुवारीत ते बाजारात आलं तेव्हा त्याचं कौतुक याचसाठी झालं होतं. ऑफिसातल्या कुठल्याही साध्या डब्यात खोचावं आणि चालू करावं. किमान अटीतल्या ६६० पेक्षा थोडं मंद, पण विजेच्या बाबतीत फार संसारी.

कार्ड २,६०० रुपये, चार जीबीची जुनी रॅमची पट्टी ५००, आणि २४० जीबीची नवी एसएसडी १,५००. चारशे रुपये उरले. त्यात खेळ आला. सेल चालू असला की अर्धा किलो मटणाच्या पैशात मिळतो.

१४ मे, बुधवार

सगळं बसवलं, बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटर काळाच. भाच्याचा चेहरा पडला. "जळलं का काय कार्ड?"

जुन्या मशीनवर काम करणाऱ्या माणसाला या काळ्या पडद्याची भीती वाटत नाही. वायर काढली, बटण दाबून धरून उरलीसुरली वीज घालवली, मग रॅमच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या. जुन्या पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग असते. तेरा वर्षांच्या दमट हवेनं त्या दातांवर तपकिरी झाक आली होती. भाच्याच्या कंपासपेटीतलं पांढरं खोडरबर मागितलं. तो हसायला लागला. पट्टी टेबलाच्या कडेला धरून एकाच दिशेनं हलकं घासत गेले. पहिल्या चार-पाच फेऱ्यांत खोडरबराला करडी रेघ उमटली, मग दात पिवळेधमक दिसू लागले. भुगा ब्रशनं झाडला, पट्टी सरळ धरून अंगठ्यानं दाबली. दोन्ही बाजूंचे कान टक् टक् असे आपोआप मिटले.

पडदा उजळला. आठ जीबी दिसले.

दोन पट्ट्या लावण्याचा अर्थ नुसता दुप्पट जागा एवढाच नाही. एकाच पट्टीवर प्रोसेसरला एकाच दारानं ये-जा करावी लागते. दोन सारख्या पट्ट्या असल्या की दोन दारं उघडतात. हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे कुणी शिकवलं तुला?" मी म्हटलं, "मेच्या ऐन हंगामात पत्रिका अडकली की सगळं शिकता येतं."

१६ मे, शुक्रवार

खेळ रात्रीत उतरवून घेतला. पन्नास जीबी! माझ्या तेरा वर्षांच्या सगळ्या फायली मिळून इतक्या भरत नाहीत.

सुरू करताना डिरेक्टएक्स ११ की १२ असं विचारतो. २०२२ च्या डिसेंबरात कंपनीनं या खेळाला फुकट नवा साज चढवला. प्रकाशकिरणांचा नवा हिशेब, बारीक पोत, सगळं आलं, आणि ते नव्या कार्डांसाठी. आम्ही ११ निवडलं. तरी घोडा चार पावलं टाकून अडखळायचा. भाच्यानं शोधून काढलं की साज चढवण्याआधीची १.३२ ही आवृत्तीही घेता येते. ती घेतली. नव्या झालरी गेल्या, चालणं सुधारलं.

पण वीस मिनिटांनी वेगळंच. खेळ एकदम बैलगाडीच्या चालीनं चालायला लागला. कोपऱ्यात आकडे दाखवणारा छोटा प्रोग्रॅम लावला होता. प्रोसेसरचं तापमान ९८ अंश! कोल्हापूरचा मे, पत्र्याच्या शेडला लागून असलेली खोली, वर पंख्याची गरम हवा. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. त्याला आळशी म्हणायचं नाही; त्याला ऊन लागलेलं असतं.

डबा उघडला. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांत धुळीची गोधडीच बसली होती. रंगाच्या ब्रशनं आणि ब्लोअरनं काढली. मग पंखा उचलला. चारांतली एक प्लास्टिकची खुंटी नीट बसलेलीच नव्हती. देव जाणे किती वर्षं तो पंखा तीन पायांवर उभा होता. खालची पेस्ट वाळून भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी झालेली. सॅनिटायझर लावलेल्या कापडानं पुसली, प्रोसेसरच्या पाठीवरचं नाव पुन्हा वाचता आलं. मधोमध वाटाण्याच्या अर्ध्या डाळीएवढी नवी पेस्ट ठेवली आणि समोरासमोरच्या खुंट्या जोडीनं दाबल्या. चारदा टक् ऐकू आलं पाहिजे. आलं.

त्याच जागी, त्याच घोड्यावर, अर्धा तास खेळून ७४ अंश. एक रुपयाही न घालता आजवरची सगळ्यात मोठी सुधारणा झाली.

१८ मे, रविवार

आज सेटिंगचा दिवस. भाच्याला सगळं 'अल्ट्रा' हवं. मी म्हटलं, एकेक गोष्ट बंद करू, काय गेलं ते डोळ्यानं बघू आणि काय मिळालं ते वहीत लिहू. खेळातलं पहिलं गाव, व्हाइट ऑर्चर्ड, त्याच्या पुलावर घोडा उभा केला आणि तिथूनच सगळी मोजमापं घेतली.

पहिल्यांदा गेले केस. हेअरवर्क्स नावाची एक सोय आहे. नायक गेराल्टचे पांढरे केस, लांडग्यांची लव, सगळ्याच्या बटा वेगवेगळ्या हलवते. बंद केल्याबरोबर सेकंदाला सात-आठ फ्रेम जास्त मिळाल्या. साध्या केसांतही गेराल्ट गेराल्टच दिसतो.

मग सावल्या. सावली काढायची म्हणजे मशीनला तेच दृश्य सूर्याच्या जागेवर उभं राहून आणखी एकदा काढावं लागतं. एका चित्राला दोन चित्रांची मेहनत. लो केल्या. झाडाखालची जाळी जराशी ढोबळ झाली, एवढंच. गवत कमी. लांबची झाडं मीडियम. लो केली की ती घोड्यासमोर जमिनीतून उगवल्यासारखी येतात, ते डोळ्याला खुपतं. हालचालीतला धूसरपणा, कडांचा काळोख, चमक, सगळं बंद. पोत मात्र हाय ठेवला. कार्डाची दोन जीबी मेमरी त्याला पुरते, आणि भिंतीचा दगड दगडासारखा दिसला नाही तर गाव खोटं वाटतं.

आणि ज्या मॉनिटरला मी इतकी वर्षं नावं ठेवली, तोच उपयोगी पडला. तो १३६६ गुणिले ७६८ चा. म्हणजे प्रत्येक चित्रात साधारण साडेदहा लाख ठिपके. आजच्या साध्या फुल एचडी पडद्यावर ते वीस लाखांच्या वर जातात. पडदा लहान, म्हणून कामही निम्मं.

शेवटी वेग तीसवर बांधला. इथं वाद झाला. न बांधता आकडा कधी ४८, कधी ३३ दाखवतो. मग मोठा आकडा का सोडायचा? मी त्याला आमच्या केएमटीची बस सांगितली. दर पंधरा मिनिटांनी नेमानं येणारी बस परवडते. कधी पाच मिनिटांत दोन आणि मग अर्धा तास एकही नाही, तिथं सरासरी कितीही चांगली असो, माणूस थांब्यावर वैतागतोच. सेकंदाला तीस चित्रं म्हणजे दर तेहेतीस मिलिसेकंदांनी एक, न चुकता. बांधल्यावर घोडा खरोखर डौलात चालू लागला. भाचा काही बोलला नाही, पण पुन्हा सोडवायलाही गेला नाही.

१९ मे, सोमवार

विचर थ्रीला आज बरोबर दहा वर्षं झाली. १९ मे २०१५ ला तो आला, तेव्हा माझा डबा तीन वर्षांचा होता.

रात्री त्या कंपनीची कथा भाच्यानं सांगितली, ती मला आवडली. सीडी प्रोजेक्ट ही वॉर्सॉची कंपनी, १९९४ साली दोन मित्रांनी काढलेली. सुरुवातीला बाहेरचे खेळ आणून सीडीवर विकायचे. मग बाल्डर्स गेट नावाचा मोठा कॅनेडियन खेळ त्यांनी पूर्ण पोलिशमध्ये करून विकला. दुसऱ्याच्या कथा आपल्या भाषेत आणता आणता एक दिवस आपल्या भाषेतली कथा जगाला द्यावी असं वाटलं असणार. आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाची विचर ही कथा १९८६ साली एका मासिकात आली होती. त्यावरचा पहिला खेळ २००७ चा, आणि २०२३ पर्यंत या तिसऱ्याच्या पाच कोटींवर प्रती खपल्या.

मासिकात छापलेली एक गोष्ट. मी मासिकांची पानं लावलेली बाई; म्हणून हे ऐकून बरं वाटलं.

एक तांत्रिक नोंद. खेळ आधी जुन्या हार्ड डिस्कवर ठेवला होता; नवा भाग उघडायला दोन-अडीच मिनिटं लागायची. आज एसएसडीवर हलवला. माझ्या एच-६१ बोर्डाची वाहिनी जुन्या गतीची आहे, एसएसडीला ती पूर्ण धावू देत नाही. तरी चाळीस सेकंदांत काम होतं. हार्ड डिस्कची सुई तबकडीवर इकडून तिकडं धावते, त्या धावण्यातच वेळ जायचा. इथं सुईच नाही.

२१ मे, बुधवार

दुपारपासून वळिवाचा धुडगूस. आई पाऊस बघायला म्हणून खिडकीशी येऊन बसली आणि पडदा बघत राहिली. आई सत्त्याऐंशीची आहे.

खेळात एक ओसाड गाव होतं. त्यातल्या विहिरीवर भर दुपारी एक बाई दिसते. सुकलेलं अंग, पांढरा फाटका पोशाख. ती कुणाला पाणी भरू देत नाही. भाचा म्हणाला, "आजी, ही नूनरेथ. दुपारचं भूत."

आई सहज म्हणाली, "मग बरोबर आहे. भर बाराला विहिरीवर जायचं नसतं."

पोलंडच्या शेतांत या बाईला पोवूदनित्सा म्हणतात, दुपारची बया. उन्हात कापणीला थांबलेल्याला ती धरते. आमच्याकडेही आईनं मला ऐन दुपारी मळ्यातल्या विहिरीवर कधी जाऊ दिलं नाही. ऊन लागू नये म्हणून दोन देशांतल्या आयांनी एकच भूत उभं केलं, असं म्हणायला हरकत नाही.

मग भाच्याला लहर आली. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन बोलणं पोलिश केलं. पात्रं पोलिशमध्ये बोलायला लागली, खाली इंग्रजी अक्षरं. आई खिडकीकडून वळली.

"हे कोण बोलतंय?"

"पोलंडची भाषा आहे आजी."

"म्हणजे वळिवड्याच्या बायका."

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियानं सैबेरियात हाकलून दिलेले पोलिश लोक, बहुतेक बाया आणि पोरं, सुटका झाल्यावर इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यांतल्या सुमारे पाच हजारांची वसाहत १९४३ ते १९४८ इथं पंचगंगेच्या अंगाला, वळिवड्यात होती. त्यांची शाळा होती, चर्च होतं, नाटकंही व्हायची. ते गेल्यावर फाळणीत आलेले सिंधी लोक तिथं राहिले. आजचं कापडाचं गांधीनगर ते तेच. हे मला वाचून ठाऊक होतं. आईला कानानं ठाऊक होतं. तिचे वडील, अण्णा, कॅम्पात दूध घालायचे, आणि ती कधीकधी किटली धरून मागं जायची.

भाच्यानं विहिरीचं काम संपवलं आणि पैसे घ्यायला गेला. गावकरी मोहरा देताना काहीतरी पुटपुटला.

"जेंकुया," आई म्हणाली. "दूध ओतलं की म्हणायच्या. अण्णा घरी येऊन आम्हाला तसंच म्हणून दाखवायचे, ताकाची वाटी दिली की."

भाच्यानं मोबाइलवर बघितलं. जेंकुये. आभारी आहे. आई जेंकुया म्हणते. सत्त्याहत्तर वर्षांत एका स्वराचा फरक पडला.

२३ मे, शुक्रवार

नोव्हिग्राड. खेळातलं सगळ्यात मोठं शहर. बाजार, बोळ, गोदी, चौकात माणसंच माणसं. आणि इथं आमचं गाडं अडलं. तीसचा आकडा एकवीसवर आला.

भाच्यानं घाईनं सावल्या आणखी कमी केल्या, पोत उतरवला. आकडा हलला नाही. कोपऱ्यात बघितलं तर ग्राफिक्स कार्ड साठ टक्क्यांवर निवांत, आणि प्रोसेसरचे चारही कोअर शंभरावर.

"बॉटलनेक," तो म्हणाला.

मी म्हटलं, दिंडी. दिंडी सगळ्यात मागच्या म्हातारीच्या चालीनं चालते. पुढच्या पताकावाल्याला कितीही जोर असू दे, त्याला थांबायचंच असतं. आधी मागं पडत होती रॅम, मग उष्णता, मग डिस्क. रानात कार्ड मागं पडतं, शहरात प्रोसेसर. एकाला हात दिला की दुसरा मागं राहतो. रानातलं गवत कमी केल्यानं इथं काही होणार नाही, कारण चित्र काढणारा इथं रिकामा बसला आहे. दमला आहे तो माणसं चालवणारा. कोण कुठं जाणार, कोण कुणाला वाट देणार, कोण भिंतीला टेकणार, हा सगळा हिशेब प्रोसेसरचा.

त्यासाठी सेटिंगमध्ये एकच खरा उपाय आहे. पार्श्वभूमीवरच्या माणसांची संख्या. लो म्हणजे जास्तीत जास्त ७५, मीडियम म्हणजे १००, अल्ट्रा म्हणजे १५०. आम्ही लो केलं. २७ मिळाले. मागं चालू असलेले बाकीचे प्रोग्रॅम बंद केले, ब्राउझरसकट. २८, कधी २९.

भाचा खूश. मी वहीत लिहिलं : सावल्या लो, माणसं लो.

२४ मे, शनिवार

पाऊस उघडला तसं स्कूटरवरून भाच्याला महावीर उद्यानात नेलं. तिथं पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे. मी त्याच्या समोरून शेकडो वेळा गेले असेन, थांबले आज. भाच्यानं दोनदा फेरी मारली, फोटो काढला. मग विचारलं, "आत्या, ते सैबेरियातून निघाले तेव्हा सामान काय घेतलं असंल?"

मला सांगता आलं नाही. येताना रंकाळ्यावर भेळ खाल्ली.

२६ मे, सोमवार

मान्सून आज मुंबई-पुण्यात पोचला म्हणे, एवढ्या लवकर! सकाळी याच डब्यावर भाच्याचा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसलो. पत्रिका, विचर, अकरावी. डब्याला भेदभाव नाही.

संध्याकाळी आई पुन्हा येऊन बसली. भाचा नोव्हिग्राडच्या चौकात होता. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं मोठं गाव, आणि बाजारात माणूस नाही? साथबीथ आली होती का?"

भाचा हसला, मी नाही हसले. तिचं बरोबर होतं. मासळीवाल्याच्या पाटीपुढं गिऱ्हाईक नव्हतं. बोळाच्या तोंडाशी गप्पा मारणाऱ्या बायका नव्हत्या. आम्ही दोघं आकड्याकडे बघत बसलो आणि शहर रिकामं करून टाकलं.

मी माउस घेतला. माणसं मीडियम. आकडा २४ वर आला. भाचा म्हणाला, "आत्या, चार फ्रेम गेल्या."

"जाऊ दे. घोड्यावरून उतर आणि चाल."

तो उतरला. आणि गंमत म्हणजे चालताना चोवीस खुपत नाही. धावणाऱ्या घोड्यावर पडदा दर क्षणाला पार बदलतो, म्हणून अडखळणं दिसतं. पायी चालताना तेच शहर सावकाश सरकतं आणि डोळा सांभाळून घेतो. चौकात एक म्हातारी टोपली घेऊन आडवी आली, गेराल्ट थांबला, ती पुढं गेली. पंधरवडाभर आम्ही एकेक गोष्ट सोडत आलो होतो. केस, गवत, चमक, सूर्याची बारीक जाळी. कशाचीच आठवण आली नाही. आठवण आली ती या पंचवीस माणसांची. त्यांना वगळून सुरळीत चालणारं शहर मला नको आहे.

आठ वाजता लाइट गेली. यूपीएस बोंबलायला लागला. त्याच्यात दहा मिनिटांचा जीव. अंधारात भाच्यानं एफ-फाइव्ह दाबून खेळ जपून ठेवला, मी मशीन रीतसर बंद केलं. आई म्हणाली, "राहिली का ती बाई टोपलीवाली?"

"राहिली, आजी. उद्या तिथंच असंल."

भाचा बुधवारी कराडला जाणार. मेणबत्तीच्या उजेडात मी पत्रिकेच्या जाड कागदाचा तुकडा कापला आणि जाड मार्करनं लिहून डब्याच्या दाराला आतून चिकटवला :

पेस्ट बदलली मे २०२५. सावल्या लो. गवत लो. केस बंद. तीसवर बांधणे. माणसं मीडियम, कमी करू नयेत.